संगणकाच्या पोटात संगणक : सात क्विंटल कापूस वाचला त्याची गोष्ट

दारव्हा : आपल्या भागातील जुन्या माणसांना शकुंतला रेल्वेची आठवण अजून ताजी आहे. यवतमाळहून दारव्हा मोतीबागमार्गे मूर्तिजापूरला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी किलिक-निक्सन या विलायती कंपनीने वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी सुरू केली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली, पुढे डिझेलवर आली आणि आता काही वर्षांपासून बंदच आहे. या गाडीची एक मोठी अडचण होती. तिचे रूळ अडीच फुटांचे, आणि मूर्तिजापुरातून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाचे रूळ साडेपाच फुटांचे. त्यामुळे दारव्ह्यात भरलेला डबा तसाच मुंबईला जाऊ शकत नसे. मूर्तिजापूरला गठाणी उतरवायच्या आणि दुसऱ्या गाडीत चढवायच्या. माल तोच, डबा चांगला, इंजिन धडधाकट. पण रूळ बदलला की सारे ठप्प.

संगणकाच्या प्रोग्रामचेही अगदी असेच आहे. एका संगणकावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेलच याचा भरवसा नसतो. शिकणाऱ्या पोरांचे दिवस यात वाया जातात आणि बापाचा पैसा जातो. यावर जो उपाय निघाला आहे त्याला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. मराठीत आभासी संगणक म्हणा, किंवा सरळ संगणकाच्या पोटातला संगणक म्हणा. नाव अवघड आहे, काम अवघड नाही. आमच्याच घरात घडलेला प्रकार सांगितला म्हणजे वाचकांच्या ध्यानात येईल.

कॉलेजात चालते, घरी चालत नाही

आमचा पुतण्या बाहेरगावी संगणकशास्त्र शिकतो. २०२५च्या दिवाळीत तो घरी आला तो एक प्रोग्राम घेऊनच. कापूस वेचणीचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम. कोणत्या बाईने कोणत्या दिवशी किती किलो वेचला, त्या दिवशी किलोमागे दर काय होता, उचल किती दिली, बाकी किती राहिली, हे सगळे आठवड्याच्या शेवटी एका पानावर दाखवणारा. वेचणीच्या हंगामात या हिशोबावरून घरोघरी कशी बोलाबोली होते हे शेतकरी बांधवांना सांगायला नको. थोरल्या भावाला पोराचे कौतुक वाटले.

पण घरच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्राम उघडेना. कॉलेजातील संगणकावर लिनक्स, घरी विंडोज १०. तिथे पायथन या भाषेची एक आवृत्ती, इथे दुसरी. नोंदी साठवणारा डेटाबेस इथे नव्हताच. तो बसवला तर दुसरेच काही अडले. मराठी नावांच्या जागी चौकोन दिसू लागले. पोरगा तीन दिवस डोके खाजवत बसला. शेवटी म्हणाला, “काका, कॉलेजात बराबर चालते, इथंच अडते. नवा लॅपटॉप घेतल्याबिगर जमत नाई वाटते.”

साठ हजारांच्या लॅपटॉपचा विषय निघाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये ठरवला. म्हणजे हमीभाव पुरता पदरात पडला असे धरले तरी तो लॅपटॉप सात क्विंटलांवर जातो. कोरडवाहू माणसाचा तो दीड-दोन एकरांचा कापूस. भाऊ म्हणाला, “सात क्विंटल कापूस इकून डबा आनाचा, अन् त्याच्यावर बी उद्या चालन का नाई, याची ग्यारंटी कोन देईन?”

प्रश्न बरोबर होता. कारण दोष लॅपटॉपच्या वयाचा नव्हता, रुळांचा होता. नव्या लॅपटॉपवरही विंडोजच आले असते, आणि पोरगा पुन्हा तिथेच अडकला असता.

संत्र्याच्या कलमासारखे

तोड निघाली ती पुतण्याच्या वरच्या वर्गातील एका मित्राकडून. त्याने सुचवले की प्रोग्राम एकटा नेऊ नको, ज्या संगणकावर तो चालतो तो अख्खा संगणकच सोबत ने. तो पेन ड्राइव्हमध्ये मावतो.

हे कसे, ते समजायला संत्र्याचे कलम डोळ्यापुढे आणा. खाली जंबेरीचा खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा. मुळे जंबेरीची, जमिनीतले पाणी ओढणार जंबेरी. पण फळ लागते ते संत्र्याचे. आभासी संगणकात आपला खरा लॅपटॉप म्हणजे खुंट. त्यावर विंडोज असो की आणखी काही. त्यात ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारखे एक सॉफ्टवेअर बसवायचे. हे सॉफ्टवेअर लॅपटॉपची थोडी मेमरी, थोडी डिस्क आणि प्रोसेसरचा थोडा वेळ बाजूला काढते आणि त्यातून दुसरा संगणक उभा करते. त्या दुसऱ्या संगणकात लिनक्स टाकले की त्याला वाटते आपण स्वतंत्र यंत्रावरच बसलो आहोत. आपल्याला मात्र तो पडद्यावर एका चौकटीत दिसतो. चौकट बंद केली की आपले विंडोज जसेच्या तसे.

या आतल्या संगणकाची अख्खी डिस्क बाहेरच्या लॅपटॉपवर एका मोठ्या फाइलच्या रूपात असते. सगळी गंमत इथेच आहे. फाइल म्हटली की तिची नक्कल काढता येते, पेन ड्राइव्हवर नेता येते, दुसऱ्याला देता येते. कॉलेजात जी मांडणी केली, तीच मांडणी दारव्ह्यात उघडते. लिनक्सची आवृत्ती तीच, पायथन तेच, डेटाबेस तोच, मराठी अक्षरे तीच. लग्नाचा आचारी आपले झारे, कढया आणि मसाल्याचा डबा सोबत घेऊनच येतो, म्हणून मांडव कोणाचाही असला तरी त्याच्या हातची चव बदलत नाही. तसेच हे.

ही युक्ती साठ वर्षांची

ही काही कालची गोष्ट नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात याची सुरुवात झाली. त्या वेळी एक संगणक अख्खी खोली व्यापायचा. प्रत्येकाला वेगळा देणे शक्यच नव्हते. म्हणून एकाच यंत्राचे असे वाटे पाडले की प्रत्येक माणसाला वाटावे, हे यंत्र माझ्या एकट्याचेच आहे. १९७२ मध्ये आयबीएमने ही सोय ‘व्हीएम/३७०’ या नावाने ग्राहकांना दिली.

साध्या टेबलावरच्या संगणकावर ही विद्या आणली ती १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने. २००५ पासून इंटेलने आणि पाठोपाठ एएमडीने आपल्या प्रोसेसरमध्येच यासाठी खास सोय केली, त्यामुळे वेग वाढला. २००७ साली इनोटेक या जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स खुले केले. ती कंपनी पुढे सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. मूळ सॉफ्टवेअर आजही फुकट मिळते. त्याच २००७ साली लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाची सोय आली. व्हीएमवेअर आणि रेड हॅट या दोन्ही कंपन्यांनी आपली कामे पुण्यात आणली, आणि मराठी पोरांनी तिथे बसून याच विद्येवर हात चालवला आहे. तेव्हा हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी समजू नये. पहिला परम संगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झाला, ते डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचेच.

तीन ठिकाणी अडले

आता पुन्हा घराकडे. मित्राने दिलेली फाइल उघडेपर्यंत तीन ठिकाणी अडले. ती तिन्ही ठिकाणे सांगून ठेवतो, म्हणजे दुसऱ्यांचा वेळ वाचेल.

पहिली अडचण पेन ड्राइव्हची. फाइल सहा जीबीची, पेन ड्राइव्ह बत्तीसचा, तरी ‘जागा नाही’ म्हणे. कारण तो पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, मग जागा कितीही रिकामी असो. पेन ड्राइव्ह एक्स-फॅट पद्धतीने फॉरमॅट केला आणि काम झाले. फॉरमॅट करताना आतले सगळे पुसले जाते, तेव्हा आधी नक्कल काढून घ्यावी.

दुसरी अडचण प्रोसेसरची. त्यातील आभासीकरणाची सोय पुष्कळ संगणकांत कारखान्यातूनच बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रात तिला ‘व्हीटी’ आणि एएमडीच्या यंत्रात ‘एसव्हीएम’ म्हणतात. एवढे एक बटण फिरवले नाही म्हणून आमचा अर्धा दिवस गेला.

तिसरी अडचण मेमरीची, आणि इथे पैसा लागला. लॅपटॉपमध्ये चार जीबी मेमरी होती. एका वावरात दोन बिऱ्हाडे घातल्यासारखे झाले; ना मालकाला पुरे, ना मक्तेदाराला. तालुक्याच्या दुकानातून मेमरी वाढवून आठ जीबी केली आणि जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी टाकली. आतल्या संगणकाला तीन जीबी दिले, पाच बाहेर राहिले. आत भारी लिनक्स न घेता लुबंटूसारखे हलके घेतले. सगळा खर्च अर्ध्या क्विंटल कापसाच्या आसपास गेला. सात क्विंटलांची गोष्ट अर्ध्यावर भागली.

भारनियमनाचा धडा

चार दिवसांनी वेचणीचा हिशोब त्यावर सुरू झाला. भावाला पान छापून मिळू लागले. आणि मग एका रात्री लाइन गेली.

लॅपटॉपची बॅटरी केव्हाची मेलेली. आतला संगणक चालू असतानाच सगळे धाडकन बंद पडले. सकाळी आतला संगणक उघडेना. त्याची डिस्क-फाइल बिघडली होती. पुतण्याचे तोंड उतरले. पंधरा बायांचा हिशोब होता तो, आणि मजुरी शनिवारी द्यायची होती.

नशीब एवढेच की पोराने तीन दिवसांपूर्वी त्या फाइलची नक्कल पेन ड्राइव्हवर ठेवली होती, आणि आमच्या वहिनीने आपली वही सोडली नव्हती. जुनी नक्कल उघडली, मधल्या तीन दिवसांचे आकडे वहीतून भरले, आणि शनिवारची मजुरी शनिवारीच गेली. वही नसती तर पंधरा घरांशी वाद झाला असता. भाऊ एवढेच बोलला, “यंत्र ठेव, पन वही नको सोडू.”

तेव्हा ज्यांना हे वापरायचे आहे त्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. उठताना आतला संगणक रीतसर बंद करावा, किंवा निदान ‘स्थिती जतन करा’ असा जो पर्याय असतो तो वापरावा. नवे काही करून पाहण्याआधी ‘स्नॅपशॉट’ घ्यावा. प्रयोग फसला तर एका क्लिकवर मागच्या जागी येता येते. पण स्नॅपशॉट म्हणजे नक्कल नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो; डिस्क गेली की तोही गेला. खरी नक्कल वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवरच हवी, आणि आठवड्याचा एक वार ठरवून ती काढावी.

ग्रामपंचायत आणि सोसायटीसाठी

आता हे पोरांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. गावोगावच्या कार्यालयांत, सोसायट्यांत, पतसंस्थांत आणि छपाईच्या दुकानांत एखादा जुना संगणक धूळ खात असतो. त्यात विंडोज एक्सपी, त्यावर वीस वर्षांपूर्वीचा हिशोबाचा प्रोग्राम. बनवून देणारा माणूस आता सापडत नाही. मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये. नव्या संगणकावर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. संगणक चालू आहे तोवर ठीक. ज्या दिवशी तो बसेल त्या दिवशी सभासदांच्या जुन्या नोंदीही त्याच्याबरोबर जातील.

अशा संगणकाची डिस्क चांगली आहे तोवरच तिची पूर्ण नक्कल काढून तिचा आभासी संगणक करता येतो. मग तो जुना एक्सपी नव्या संगणकाच्या पोटात चालतो, जुना प्रोग्राम उघडतो, जुना फॉन्ट दिसतो आणि नोंदी छापून किंवा नव्या युनिकोड मराठीत उतरवून घेता येतात. मात्र चार पथ्ये पाळावी लागतात. एक, मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. त्यामुळे अशा आतल्या संगणकाला इंटरनेट अजिबात जोडू नये. दोन, विंडोजचा आणि त्या प्रोग्रामचा परवाना आपल्या संस्थेकडे असला पाहिजे. तीन, काही जुने प्रोग्राम मागे लावलेल्या कुलूप-खुंटीशिवाय चालत नाहीत. ती जपून ठेवावी. चार, हे सगळे कार्यालयप्रमुखाच्या किंवा संचालक मंडळाच्या लेखी परवानगीने व्हावे. लोकांच्या नोंदी कोणाच्या खाजगी पेन ड्राइव्हवर फिरू नयेत.

नोंदी एका पिढीच्या यंत्रावरून दुसऱ्या पिढीच्या यंत्रावर नेणे किती महत्त्वाचे, हे सातबाऱ्यावरून कळते. १९८८-८९ साली केंद्राने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पहिला प्रयोग देशातील आठ जिल्ह्यांत केला. महाराष्ट्रातून त्यात आपला शेजारचा वर्धा जिल्हा होता. त्या वेळची यंत्रे केव्हाच भंगारात गेली. सातबारा मात्र पुढे आला आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. प्राथमिक सोसायट्यांचेही तसेच. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नवे सॉफ्टवेअर येईल, पण जुने खाते त्यात बिनचूक उतरवायचे तर जुन्या नोंदी आधी उघडल्या पाहिजेत.

एक गोष्ट आणखी. आपण ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून परत येतो, तो सर्व्हर म्हणजेही बहुधा असाच आभासी संगणक असतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०१४ मध्ये सरकारी कामांसाठी ‘मेघराज’ ही क्लाऊड सेवा सुरू केली. अशा ठिकाणी एकेका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी संगणक चालतात. एक यंत्र बिघडले तर त्यावरचे संगणक दुसऱ्या यंत्रावर उभे करता येतात. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. शेतकऱ्याचे काम असे यंत्रांतून जाऊ लागले आहे. ती यंत्रे कशी चालतात हे आपल्या पोरांना कळलेच पाहिजे.

घेण्याआधी हे तपासा

पालकांनी नवा लॅपटॉप घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. जुन्या यंत्रात मेमरी वाढवता येते का? आठ जीबीच्या खाली हा प्रकार सुखाने चालत नाही. सोळा असेल तर उत्तम. प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय आहे का? आणि एसएसडी बसते का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर घाई नको. मात्र बाहेरचे विंडोज १० असेल, तर त्याची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. अशा वेळी बाहेरही लिनक्स टाकणे किंवा यंत्राला झेपत असेल तर विंडोज ११ घेणे बरे.

नवा घ्यायचाच असेल तर ॲपलचे एम चिपचे किंवा तसल्या आर्म चिपचे यंत्र घेण्याआधी कॉलेजात विचारून घ्यावे. साध्या इंटेल यंत्रावर केलेला आभासी संगणक त्यावर सरळ चालत नाही. तिथे पुन्हा रूळ बदलतो.

मोठ्या फाइली नेण्याचा कंटाळा येणाऱ्यांसाठी हलक्या वाटाही आहेत. २०१० मध्ये आलेल्या ‘व्हेग्रंट’मध्ये अख्खा संगणक न देता तो कसा उभारायचा याची दहा-पंधरा ओळींची चिठ्ठी द्यायची, समोरचा त्या चिठ्ठीवरून तसाच संगणक उभा करतो. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’मध्ये पूर्ण संगणक न उभारता प्रोग्राम आणि त्याचे साहित्य तेवढे एका पेटीत बांधायचे. दोन्हीला इंटरनेट चांगले लागते, त्यामुळे आपल्या गावात पहिल्यांदा तरी पेन ड्राइव्हच बरा. आणि शिकवणीला पैसे घालण्याआधी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे पाहावेत. लिनक्स, सी, पायथन असे विषय तिथे मराठी आवाजात फुकट शिकता येतात.

पुतण्या सुट्टी संपवून एसटीने परत गेला तेव्हा लॅपटॉप घरीच ठेवून गेला. वहिनीला हिशोब टाकता यावा म्हणून. स्वतः खिशात पेन ड्राइव्ह घेऊन गेला. कॉलेजातल्या संगणकावर तोच संगणक उघडतो आणि प्रोग्रामात सुधारणा करतो. पुढच्या वेळी येईल तेव्हा सुधारलेली फाइल घेऊन येईल. मूर्तिजापूरला गठाणी उतरवायचे काम उरले नाही. वही मात्र वहिनीने अजून बंद केलेली नाही, आणि आम्ही तिला करू देणार नाही.